वाळूवरचं पातेलं

घोडेगावला जनावरांचा बाजार शुक्रवारी भरतो. लांबची माणसं गुरुवारी संध्याकाळपासूनच टेम्पो घेऊन उतरायला लागतात आणि उन्हं चढायच्या आत निम्मे सौदे उरकलेले असतात. आख्खी रात्र म्हशीशेजारी बसून काढलेल्या माणसाला सकाळी नुसता चहा पुरत नाही, त्याला पोटभर जेवण लागतं. बाजारतळाच्या कडेला, पत्र्याच्या आडोशात, शमशादचाची हे जेवण वाढायची. बारा महिने पिठलं, डाळ, भाकरी. पण दिवाळी सरली आणि हवेत गारवा आला की मटणाचा रस्सा. तो होळीपर्यंत. पुढं पुन्हा दिवाळीची वाट बघा.

रस्सा फक्त थंडीतच का, याचं कारण साधं होतं. सकाळी मटण आणायचं, शिजवायचं आणि वेळेवर वाढायचं, हे जमण्यासारखं नव्हतं. ते गुरुवारी दुपारीच करून ठेवावं लागे, आणि एवढं मटण मावेल असा फ्रिज तिच्याकडे नव्हता. घरात एक छोटा फ्रिज होता, दुधापुरता आणि तिच्या औषधांपुरता. रस्सा ती बाहेरच्या थंडीच्या भरवशावर राखायची.

घरामागं परसात वाळूचा एक ओटा होता, सासूनं घालून घेतलेला. पलीकडे ना भिंत ना कुंपण, नुसतं कांद्याचं रान, त्यामुळे उत्तरेचा वारा सरळ ओट्यावर यायचा. दिवस कलला की वाळूवर पाणी मारायचं. मोठ्या पातेल्यातला रस्सा रुंद भगुण्यांत ओतून वेगवेगळा करायचा, भगुणी ओल्या वाळूत रुतवायची, आणि वाफ जाईपर्यंत झाकण घालायचं नाही, वर नुसतं मलमलीचं फडकं. वाफ सरली की झाकण, झाकणावर दगड, आणि कुत्र्यामांजरांनी तोंड घालू नये म्हणून सगळ्यावर कोंबड्यांचा जुना लोखंडी खुराडा पालथा. नगरकडची थंडी म्हणजे हाडात शिरणारी. सकाळी झाकण काढलं की तर्रीचा थर मेणासारखा गोठलेला असायचा, बोट टेकवलं तर ठसा उठायचा.

"थर गोठला असला तर बिस्मिल्ला कर," सासू सांगायची. "नसला गोठला तर उकिरड्यावर ओत आणि त्या दिवशी पिठलं वाढ. गिऱ्हाईक चार शिव्या देईल, देऊ दे."

शमशादनं हे वर्षानुवर्षं पाळलं. फैयाज शाळेत होता तेव्हाच नवरा टेम्पोच्या अपघातात गेला. सासू त्यानंतर दोन हिवाळे पाहून गेली. पुढं चूल, ओटा आणि मुलगा एवढंच शमशादच्या हाताशी उरलं. मुलगा मोठा झाला, टेम्पो चालवायला लागला, शिर्डीला फुलांच्या खेपा करू लागला. त्याचं लग्न झालं. सोनईची अंजुम सून म्हणून आली. बोलायला कमी, कामाला चोख. चार दिवस झाले नाहीत तोच तिनं सासूच्या हातातलं उलथनं काढून घेण्याऐवजी शेजारी उभं राहायला सुरुवात केली, आणि शमशादला ती त्याच दिवशी आवडली.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. शमशादला ताप आला, धाप लागली, पण ती वाचली. गल्लीतली काही माणसं वाचली नाहीत, म्हणून आपण वाचलो एवढ्यावरच ती समाधानी होती. अंगात ताकद आली तेव्हा तिनं पहिल्यांदा कांदा चिरला, आणि तिला कांद्याचा वासच आला नाही. मसाला भाजला, नाही. रॉकेलची बाटली नाकाला लावली, नाही. डॉक्टर म्हणाला, येईल हळूहळू. महिने गेले, वर्ष गेलं. वास आला नाही. जिभेला खारट, तिखट, आंबट एवढं कळायचं, बाकी अन्न म्हणजे ओला कापूस.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला वास येत नाही म्हटल्यावर तिच्या पंगतीला बसणार कोण? ती डोळ्यांनी आणि कानांनी काम करू लागली. कांद्याचा रंग बघायची, तेल सुटलं की नाही बघायची, फोडणीचा आवाज ऐकायची. मीठ-मसाला हाताला पाठ होता. लोक पहिल्यासारखेच बोटं चाटत होते. उन्हाळ्यात डाळ आंबली तर कळणार नाही म्हणून ती उरलेलं सगळं बाजारातल्या म्हशींच्या आंबोणात, त्यांच्या खाद्यात, टाकायची. थंडी आली की मात्र तिचा जीव भांड्यात पडायचा. थंडीत काही बिघडत नाही, थर गोठला म्हणजे झालं, आणि थर डोळ्यांना दिसतो.

तिच्या पंगतीतला पहिला माणूस ठरलेला होता. गहिनीनाथ त्याचं नाव. तिसगावच्या पुढं माळावरच्या वस्तीतला, साठीचा, काटकुळा. स्वतःचं जनावर विकायला त्याच्याकडे नव्हतंच. व्यापाऱ्यांच्या म्हशी टेम्पोत चढवायच्या, उतरवायच्या, बिथरलेल्या जनावराला चुचकारून उभं करायचं, हे त्याचं काम. एरवी त्याचा आवाज निघायचा नाही, पण म्हशीच्या कानाशी तोंड नेऊन तो काय पुटपुटायचा कुणास ठाऊक, ती शांत व्हायची. सकाळी शमशादनं पातेल्यावरचं झाकण काढलं की तो ताटली घेऊन हजर.

"भाभी, रस्सा आधी वाढा. पानी मागून."

"बस की नीट आधी. कुणी पळवत नाही."

"पळवत न्हाई, पर तुमच्या रश्श्याला नजर लागती."

जाताना तो स्टीलच्या किटलीत थोडा रस्सा बायकोसाठी न्यायचा. हरभऱ्याच्या दिवसांत येताना तिच्यासाठी डहाळ्यांची पेंडी आणायचा. दोघांत एवढंच नातं, पण ते पुष्कळ वर्षांचं.

त्या वर्षी मार्गशीर्षात अंजुमचे दिवस भरत आले आणि ती बाळंतपणाला माहेरी, सोनईला गेली. जाताना ती दारात घुटमळली. "अम्मी, मी नाही तोवर मटण नका करू. डाळच वाढा."

"का गं? तू यायच्या आधी कोण करत होतं?"

अंजुमनं पिशवी उचलली. फैयाजनं टेम्पो चालू केला होता.

त्याच आठवड्यात आभाळ आलं. कुठंतरी समुद्रात वादळ उठलं होतं म्हणे. द्राक्षवाले, हरभरेवाले हवालदिल झाले. रात्री घोंगडी नको वाटू लागली. गुरुवारी दुपारी रशीदभाईच्या दुकानातून मटण आलं. रशीदभाई गावातला जुना खाटीक, तिला बहीण मानणारा. मटण चांगलं होतं, नुकतंच कापलेलं, लालबुंद. शिर्डीला निघालेला फैयाज टेम्पोत चढता चढता म्हणाला, "अम्मी, आज गारठा कुठाय? राहू दे रस्सा."

"मटण आणलंय आता. काय करू त्याचं? संध्याकाळी वारा सुटेल."

वारा सुटला नाही. तिनं रस्सा उतरवला तेव्हा परसात पानही हलत नव्हतं. पातेलं भरलेलं, जड. एरवी एक कड ती धरायची, दुसरी अंजुम, आणि दोघी मिळून ते भगुण्यांत ओतायच्या. आज एकटीला ते कलंडवणं शक्य नव्हतं, कमरेनं कधीच राजीनामा दिला होता. शेजारची सुकन्या एरवी हाकेसरशी आली असती, पण तिच्या घरी मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट मांडलेला. दारात रांगोळी, आतून कहाणी वाचल्याचा आवाज. अशा दिवशी तिला मटणाच्या भांड्याला हात लाव म्हणणं शमशादला बरं दिसेना. पळीनं काढून भगुणी भरता आली असती. तिनं दोन-चार पळ्या काढल्याही. मग हात दुखायला लागला आणि तिनं ते सोडून दिलं. एवढी वर्षं राहिलंय, एक दिवस एकाच पातेल्यात राहिलं तर काय होतंय. मुलानं चाकं लावून दिलेल्या पाटावर ते पातेलं सरकवून ढकलत ढकलत तिनं ओट्यावर नेलं, वाळूवर पाणी मारलं, फडकं टाकलं आणि वाफ पुरती गेली नव्हती तरी मांजराच्या भीतीनं झाकण लावून टाकलं.

सकाळी उजाडायच्या सुमाराला तिनं झाकण काढलं. थर गोठला नव्हता. तर्री पातळ होती, लालभडक, पातेलं हलवल्यावर डुचमळत होती. कडेला हात लावला तर गार, पण मध्ये पळी बुडवून रस्सा हातावर घेतला तर तो कोमट निघाला.

ती ओट्याच्या कडेवर बसली. आपण काय बघतोय हे तिला नीट कळत होतं, हे पुढं तिनंच सांगितलं. सासूचा आवाजसुद्धा कानात आला. पण बाजारातून म्हशींचा, माणसांचा गलका ऐकू येत होता, आणि आत कुठंतरी ती स्वतःची समजूत घालत होती. तेल जरा जास्त पडलंय, म्हणून गोठलं नसेल. तिनं पातेल्यावर वाकून दीर्घ श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. काही नाही. तिनं बोटभर रस्सा जिभेवर ठेवला. तिखट, खारट, किंचित आंबट. दह्याचा असेल. मटणाला दही लावलं होतंच. तिनं चूल पेटवली आणि रश्श्याला चांगली खळखळून उकळी आणली, बराच वेळ. उकळल्यावर काय राहतंय, ती मनाशी म्हणाली.

गहिनीनाथ ताटली घेऊन आलाच. "भाभी, रस्सा आधी."

त्यानं दोनदा मागून घेतला. किटली भरून घेतली. एक-दोघांनी तोंड वाकडं केलं, एक म्हैसवाला "आज जरा येगळं लागतंय" म्हणाला. "मसाला नवाय," तिनं सांगितलं. बाकीच्यांना भूक होती. त्यांनी भाकरी कुस्करली आणि जेवले.

दुपारच्या नमाजाची अजान झाली तेव्हा बाजारतळावर पहिला माणूस वाकला. मग दुसरा. टेम्पोच्या आडोशाला, पाण्याच्या टाकीपाशी, झाडाखाली, जो तो पोट धरून बसला. ओकाऱ्या, जुलाब. कुणीतरी ओरडलं, "रस्सा खाल्लेले सगळे दवाखान्यात चला!" बाजारातलेच टेम्पो माणसांनी भरून निघाले. काल जनावरं उतरवलेल्या त्याच फळ्यांवर माणसं आडवी पडली होती. शमशाद धावत टाकीपाशी गेली, एकाच्या तोंडावर पाणी मारू लागली. त्यानं तिचा हात झिडकारला.

सलाइनी लागल्या. एकेक जण सावरला. डॉक्टर तिला म्हणाला, "उकळल्यानं जंतू मरतात हो, पण त्यांनी सोडलेलं विष मरत नाही. कोमट पातेलं म्हणजे त्यांना घरच." तिनं मान हलवली. तिचे डोळे खाटांवरून फिरत होते. गहिनीनाथ कुठंच नव्हता. गावाकडचा टेम्पो मिळाला म्हणून तो लवकर निघून गेला होता.

शनिवारी अन्न-औषधवाले आले, पोलीस आले. पातेलं, मसाल्याचे डबे, उरलेला रस्सा घेऊन गेले. ते यायच्या आधी फैयाज आईसमोर बसला. त्याचे डोळे लाल होते.

"अम्मी, ऐक माझं. मटणच खराब आलं म्हणून सांग. रशीदभाईचं दुकान मोठं आहे, तो निभावून नेईल. आपण नाही निभावणार. तुला आत टाकतील."

"मटण चांगलं होतं."

"ते तुला माहिती. त्यांना कुठं माहितीय?"

साहेबांनी विचारलं तेव्हा तिनं खोटं सांगितलं नाही. पण खरंही सांगितलं नाही. मटण कुठनं आणलं, एवढं विचारल्यावर तिनं नाव सांगितलं आणि खाली बघत बसली. मटणच खराब आलं होतं, हे उरलेलं फैयाजनं बोलून टाकलं. रविवारी गावात एकच विषय. कुणीतरी मोबाईलवर फिरवलं की मटणातच मुद्दाम काहीतरी कालवलं होतं, आणि ते वाचून चौकातली पोरं रशीदभाईच्या दुकानावर गेली. पत्रा फोडला, काउंटर उलथवलं, टांगलेलं मटण रस्त्यात फेकलं. रशीदभाईच्या कपाळाला दगड लागला. पोलिसांनी आधी त्यालाच गाडीत घातलं, त्याच्याच बचावासाठी असं म्हणून.

त्याच दुपारी तिसगावकडून निरोप आला. गहिनीनाथ गेला. रात्रभर ओकत होता, दुसऱ्या दिवशी उठलाच नाही, दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत संपला.

निरोप आणणाऱ्या माणसाला शमशादनं पुन्हा विचारलं, "कोण गहिनीनाथ?" जणू दुसरा कुणी असू शकत होता. मग ती आत गेली आणि भिंतीला टेकून बसून राहिली. रडली नाही. फैयाजनं पाणी आणलं, तेही तिनं घेतलं नाही.

सोमवारी सकाळी तिनं डोक्यावरनं ओढणी घेतली आणि फैयाजला न सांगता चालत चौकीवर गेली. फौजदार चहा पीत होते. तिनं उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. "साहेब, रशीदभाईला सोडा. मटण ताजं होतं. मी ते एकाच पातेल्यात बाहेर ठेवलं. थंडी नव्हती. थर गोठला नव्हता, ते मी बघितलं. तरी वाढलं."

"वास नाही आला तुम्हाला?"

"नाही येत. कोरोनापासून मला कशाचाच वास येत नाही."

फौजदारांनी कप खाली ठेवला. "आणि तुम्ही इतकी वर्षं लोकांना जेवण घालत होता?"

मागून धावत आलेला फैयाज दारात थबकला होता. त्यानं वासाचं सगळं ऐकलं होतं. आई आपल्याशी इतकी वर्षं काय लपवत होती हे त्याला पोलीस चौकीत कळलं.

गुन्हा नोंदवला गेला. जामीन झाला. रशीदभाई सुटला. त्याच्या कपाळावर टाके पडले होते. शमशाद त्याच्या घरी गेली तेव्हा त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि ती काही बोलायच्या आधीच लावून घेतलं. "एक दिवस आधी बोलली असतीस," आतून रशीदभाईचा आवाज आला. बस, एवढंच. त्यानंतर तो तिच्याशी बोललेला नाही. चूक सांगायला उशीर झाला तर सांगितलेलं खरंही अंगावर येतं, हे तिला त्या बंद दारासमोर कळलं.

बाजारातला पत्र्याचा आडोसा उखडला गेला. तिनं घरी ओटा फोडला, वाळू टोपल्यांनी रस्त्याच्या खड्ड्यात नेऊन ओतली. सुकन्या मदतीला येऊ लागली तर तिला म्हणाली, "राहू दे. तुला त्या दिवशी हाक मारली असती तर आली असतीस का?"

सुकन्यानं टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "आले असते चाची. नंतर पुन्हा आंघोळ केली असती."

शमशादला ते उत्तर फार दिवस पुरलं.

अंजुमला मुलगी झाली. फलक नाव ठेवलं. सवा महिन्यानं अंजुम परत आली तेव्हा घराची रया गेली होती. फैयाज आईशी कामापुरतं बोलत होता. पहिल्याच संध्याकाळी मुलीला पाळण्यात घालून अंजुम सासूच्या शेजारी येऊन बसली.

"अम्मी, मला माहीत होतं."

"काय?"

"तुम्हाला वास येत नाही ते. तुम्ही कोरोनातून उठलात त्याच वर्षी कळलं. दूध करपलं होतं आणि तुम्ही शेजारी बसून तांदूळ निवडत होता."

शमशादला ते दूध आठवलं.

"तेव्हापासून मीच बघत होते. सकाळी तुम्ही नमाजाला बसलात की मी झाकण काढून वास घ्यायची. एकदा खराब निघाला होता, आठवतं? मांजरानं लवंडला म्हणून सांगितलं. मीच ओतला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लपवत होता म्हणून." अंजुमचा आवाज चिरका झाला. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. जातानाही बोलणार होते. मटण करू नका एवढंच म्हटलं. का ते सांगायला हवं होतं."

शमशादला तिचा राग आला. खरंच आला, उठून एक ठेवून द्यावी इतका. मग तो तसाच ओसरला, कारण त्यात राग धरण्यासारखं होतं ते दोघींचं मिळून होतं. एकमेकींचा मान राखता राखता दोघींनी एक माणूस घालवला होता. पाळण्यात फलक रडायला लागली. दोघींपैकी कुणीच पटकन उठलं नाही.

आता घरात अंजुम स्वयंपाक करते. शमशाद कांद्याच्या वखारीत निवडायला जाते. इतर बायका सडक्या ढिगापाशी नाकाला पदर बांधूनही टिकत नाहीत, म्हणून मुकादम तो ढीग तिच्या पुढ्यात लोटतो. ती बोटांनी दाबून बघते आणि मऊ पडलेला बाजूला टाकते. तिच्याशी कुणी वाकडं बोलत नाही. दुपारी डबे उघडतात तेव्हा मात्र तिच्या डब्यातलं कुणी घेत नाही, आणि तीही कुणाला देऊ करत नाही.

तुरीच्या शेंगा निघायच्या दिवसांत ती गहिनीनाथच्या वस्तीवर गेली. फैयाज नको म्हणत होता. मारतील, म्हणाला. अंजुम म्हणाली, "जाऊ द्या त्यांना." शमशाद शिव्या ऐकायला गेली होती. त्या कुणीतरी द्यायला हव्यात असं तिला वाटत होतं, कारण अजून कुणी दिल्या नव्हत्या. कोर्टात तारखा पडत होत्या, लोक नजर चुकवत होते, पण तिच्या तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं.

माळावर तीन-चार पत्र्याची घरं. एका अंगणात एक म्हातारी तुरीच्या शेंगा बडवत होती. झुंबरबाई, गहिनीनाथची बायको. शमशादनं नाव सांगितलं. बडवणारं लाकूड थांबलं.

"तुमी व्हय," झुंबरबाई म्हणाली. बस म्हणाली नाही. पाणी दिलं नाही.

शमशाद मातीतच बसली. "माझ्या हातून झालं," ती म्हणाली. "मला दिसलं होतं, तरी मी वाढलं."

झुंबरबाईनं समोरच्या शेंगा हातानं एका बाजूला सारल्या. मग तिनं सांगितलं, अगदी सपाट आवाजात, शेजारणीला पावसापाण्याचं सांगावं तसं.

"राती बाजारातल्या मानसाचा फोन आल्ता. म्हनला, रश्श्यानं झालंय, त्येला दवाखान्यात न्या. म्या म्हनलं, चला. ह्यो म्हनला, भाभीच्या अन्नानं काय व्हत न्हाई. इतकी वर्सं खातुय. बाजारातलं पानी घान व्हतं म्हनला. म्या लई म्हनलं. न्हाई आयकला. किटलीतला रस्साबी मला खा म्हनत व्हता. माझा शुक्करवार, म्हनून म्या खाल्ला न्हाई."

शमशादला वाटलं होतं, आपल्या रश्श्यानं तो मेला. आता कळलं की रश्श्यातून तो कदाचित वाचला असता. त्याला नेलं ते तिच्यावरच्या विश्वासानं. तिनं ओढणीत बांधून आणलेली साखरेची पुडी पुढं करायला हात उचलला आणि परत मागं घेतला.

"बाई, मला शिव्या तरी द्या."

"शिव्या दिऊन काय करू?" झुंबरबाईनं लाकूड पुन्हा हातात घेतलं. "तुमी आता जा. माजी पोरं रानातनं येत्याल. त्यांनी तुमाला हितं बघितलं तर इनाकारन काय तरी व्हईल. आन परत येऊ नगा."

"परत नाही येत."

"ती किटली हाय घरात. न्यायची का?"

"तुमचीच आहे ती. त्यानं घरनं आणलेली."

"व्हय का." झुंबरबाईनं शेंगांवर पहिला घाव घातला. "मला वाटलं तुमची."

शमशाद उठली, कपड्यांची माती झटकली आणि फाट्याकडे चालू लागली. मागं शेंगा फुटल्याचा आवाज एका लयीत येत होता. रस्त्यावर पोचली तेव्हा एसटी नुकतीच निघून गेलेली. पुढची संध्याकाळी होती. सावलीला एकही झाड नव्हतं. ती मैलाच्या दगडाला टेकून बसली आणि रानातून घराकडे परतणारी माणसं रस्ता ओलांडताना बघत राहिली. त्यांतली झुंबरबाईची पोरं कोणती, हे तिला ओळखता येत नव्हतं. त्यांनाही ती कोण हे माहीत नव्हतं. एक जण जाता जाता म्हणाला, "मावशे, एसटी लेट हाय आज," आणि पुढं गेला.